मागितली, मिळाली आणि संपली

छत्रपती संभाजीनगरच्या गुलमंडीवर राजकारणाचा विषय निघाला की ‘पॅकेज’ हा शब्द यायला वेळ लागत नाही. सुपारी हनुमानाच्या आसपासच्या दुकानदारांना जाहीर झालेला आकडा आणि हातात पडलेला आकडा यांतला फरक कुणी शिकवायला नको. १६ सप्टेंबर २०२३ला राज्य मंत्रिमंडळ याच शहरात बसलं, तेव्हाही हजारो कोटींच्या घोषणा झाल्या. पण मराठवाड्याकडे एकेकाळी घोषणेपेक्षा टणक काहीतरी होतं, राज्यघटनेचं कलम ३७१(२).

विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्रासाठी स्वतंत्र विकास मंडळं नेमायची, त्यांच्या कामाचा अहवाल दरवर्षी विधानसभेत ठेवायचा आणि निधीच्या न्याय्य वाटपाची विशेष जबाबदारी राज्यपालांवर टाकायची, अशी मुभा हे कलम देतं. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने आलेली ही तरतूद अडतीस वर्षं तशीच पडून होती. तिच्यासाठी मराठवाडा जनता विकास परिषदेच्या व्यासपीठावरून सर्वाधिक तगादा लावला तो गोविंदभाई श्रॉफ यांनी. ते ज्या सरस्वती भुवन शिक्षण संस्थेचे, ती गुलमंडीपासून हाकेच्या अंतरावर.

एप्रिल १९८४मध्ये वि. म. दांडेकर समितीने विभागांच्या विकासाचा अनुशेष मोजला. एकूण सुमारे ३,१८७ कोटी रुपये. त्यात मराठवाड्याचे ७५१ कोटी. त्याच वर्षी जुलैत विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी मंडळांची मागणी करणारा ठराव केला. हा ठराव मला आजही विलक्षण वाटतो. अर्थसंकल्प मंजूर करणं हा सभागृहाचा सर्वात मोठा अधिकार. त्यातल्या वाटपावर, निवडून न आलेल्या राज्यपालांचं लक्ष राहू द्या, असं लोकप्रतिनिधींनीच म्हटलं! आमच्या बेरजेवर आमचाच भरवसा नाही, हीच ती कबुली नव्हे का? त्यामागचं गणित आजही सोपं आहे. २८८पैकी मराठवाड्याचे आमदार ४६. विदर्भाचे ६२ मिळवले तरी बहुमत होत नाही.

केंद्राने आणखी दहा वर्षं घेतली. मार्च १९९४मध्ये राष्ट्रपतींचा आदेश निघाला, १ मेपासून मंडळं सुरू झाली. तोवर अनुशेष फुगून, नव्या मोजणीनुसार, १४ हजार कोटींवर गेला होता. पुढे राज्यपालांच्या निर्देशांवरून राजभवन आणि मंत्रालय यांच्यात ओढाताण झाली. सिंचनाचा पैसा कुठल्या विभागाला किती, हे मंत्र्यांनी ठरवायचं की राज्यपालांनी, हा वाद नुसता तांत्रिक नव्हता.

मंडळांना मुदतवाढ मिळत राहिली. ३० एप्रिल २०२०ला, टाळेबंदीच्या गडबडीत, ती संपली. सप्टेंबर २०२२मध्ये मंत्रिमंडळाने पुनर्स्थापनेसाठी शिफारस करायचं ठरवलं. पण अर्थसंकल्पात आपल्या विभागाच्या वाट्याला नेमकं काय आलं, हे विचारायला मंडळाची वाट पाहण्याची गरज नाही. तारांकित प्रश्न ४६ आमदारांपैकी मंत्री नसलेल्या कुणालाही टाकता येतो.