गळ्यात माळ, खिशात हजेरीकार्ड

आळंदीहून निघून पंढरपूरला पायी पोहोचायचे, तर अडीच आठवडे हवेत. २०२५ साली ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचे प्रस्थान १९ जूनला झाले आणि आषाढी एकादशी ६ जुलैला आली. आता दुसरा हिशेब पाहा. कारखान्यातल्या कामगाराला कामाच्या दर वीस दिवसांमागे एक दिवस भरपगारी रजा मिळते. वर्षाकाठी तीनशे दिवस भरले, तर पंधरा दिवस. त्यात मधल्या साप्ताहिक सुट्ट्या धरल्या की वारी जेमतेम बसते. मग घरातले लग्न, मुलाचे आजारपण, गावची जत्रा यांसाठी वर्षभराच्या या रजेतले काहीच उरत नाही. तरीही भोसरी-चाकणच्या कारखान्यांतून, एसटीच्या आगारांतून, शाळांच्या शिक्षक-खोल्यांतून ज्येष्ठ लागला की रजेचे अर्ज निघतात आणि सहकाऱ्यांशी पाळ्या बदलून घ्यायची बोलणी सुरू होतात.

वारीवर दरवर्षी भरपूर लिहिले जाते. त्यात दिवेघाटाचे छायाचित्र असते, रिंगणातला अश्व असतो, भिजलेल्या पताका असतात. या अठरा दिवसांच्या दोन्ही बाजूंना उरलेले साडेतीनशे दिवस मात्र फारसे कुणी पाहत नाही. माळकऱ्याचे खरे आयुष्य तिथे घडते. नोकरी, शेती, दुकान, पोरेबाळे यांतले काहीही न सोडता वेगळ्या नेमाने जगायचे, याची इतकी तपशीलवार व्यवस्था महाराष्ट्रात दुसऱ्या कुणी क्वचितच बसवली असेल. तीही सात शतके टिकलेली.

या व्यवस्थेत शिरण्याचा विधी साधा आहे. पंढरपुरात काशीकापडी समाजाची घरे पिढ्यान्‌पिढ्या तुळशीच्या काष्ठाचे मणी घडवतात. १०८ मण्यांची ती माळ ज्ञानेश्वरीवर ठेवायची आणि फडकऱ्याच्या किंवा एखाद्या जुन्या वारकऱ्याच्या हातून गळ्यात घालून घ्यायची. सोबत नेम येतात. मद्य-मांस वर्ज्य, महिन्याच्या दोन्ही एकादशा, रोज हरिपाठ, परधन आणि परस्त्रीपासून दूर राहणे आणि वर्षातून निदान एक वारी, आषाढीची किंवा कार्तिकीची. ज्यांना जमते ते दर महिन्याच्या शुद्ध एकादशीला पंढरी गाठतात. त्यांना महिन्याचे वारकरी म्हणतात. माळ तुटली, तर ती पुन्हा ओवून गळ्यात येईपर्यंत अन्न न घेणारे आजही आहेत. घर सोडा, धंदा सोडा, भगवे घाला असे मात्र कुणी सांगत नाही. हरिपाठाचे सत्तावीस अभंग म्हणायला लोकलचा प्रवास पुरतो.

प्रपंचातच राहायचे, हे संप्रदायाच्या मुळातच आहे. गोरोबा तेरचे कुंभार, सेना न्हावी, नरहरी सोनार, तुकोबा देहूचे वाणी. यांची नावेच धंद्यासकट चालत आली आहेत. तुकोबांकडे महाजनकी होती, दुकान होते, कुळांकडे येणे होते. १६३० च्या सुमाराच्या दुष्काळात पहिली पत्नी आणि मुलगा गेले. पुढे कर्जखतांची वाटणी झाली, तेव्हा धाकट्या भावाचा, कान्होबाचा वाटा त्याला देऊन आपल्या वाट्याची खते त्यांनी इंद्रायणीत बुडवली, अशी परंपरा सांगते. भावाच्या वाट्याला त्यांनी हात लावला नाही, हे महत्त्वाचे. आपल्या नेमाची किंमत आपण मोजायची, दुसऱ्याच्या ताटातले काढून नाही.

ती किंमत घरातल्या बाईने मात्र मोजलीच. तुकोबांच्या दुसऱ्या पत्नीला, जिजाईला, कथाकारांनी कजाग ठरवून टाकले. दुष्काळाने खंक झालेला संसार, पदरी मुले, नवरा भंडाऱ्याच्या डोंगरावर आणि त्याची भाकरी घेऊन चढणारी ती. तिची चिडचिड ज्यांना हसण्याचा विषय वाटतो, त्यांनी एकदा तिच्या चुलीपुढे बसून हिशेब करावा. आजही मृगावर पेरणी उरकून घरधनी दिंडीत जातो, तेव्हा मागची कोळपणी-खुरपणी कोण करते? बायकाही मोठ्या संख्येने वारीत असतात, डोक्यावर तुळस घेऊन चालतात. पण बहुतेक जणी सून हाताशी आल्यावर, म्हणजे उतरत्या वयात निघतात. त्यांच्या रजेचा अर्ज घरातच नामंजूर होत आलेला असतो.

नोकरदार माळकऱ्याचे ठळक उदाहरण म्हणजे शंकर वामन उर्फ सोनोपंत दांडेकर (१८९६-१९६८). पुण्याच्या स. प. महाविद्यालयाचे प्राचार्य, तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक. वर्गात पाश्चात्त्य तत्त्वज्ञान शिकवायचे आणि कीर्तनाच्या गादीवर ज्ञानेश्वरी उलगडायची, हे त्यांनी आयुष्यभर केले. त्यांचे गुरू विष्णुबुवा जोग यांनी १९१७ मध्ये आळंदीला वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथून आजवर कीर्तनकारांच्या पिढ्या बाहेर पडल्या. महाविद्यालयातले ‘प्राचार्य’ आणि संप्रदायातले ‘मामा’ ही एकाच माणसाची दोन्ही रूपे पुण्याने रोज पाहिली. दोन्हीकडे ते पूर्णवेळ होते, असेच म्हणावे लागेल. वारकऱ्यांना ते परके वाटले नाहीत आणि विद्वानांना कमी वाटले नाहीत, ही गोष्ट सोपी नव्हती.

मुंबईत नोकरी आणि नेम यांची सांगड गिरणगावाने घातली. सातारा, सांगली, कोल्हापूर, कोकण इथून आलेले कामगार खानावळीत जेवत, चाळीच्या खोलीत दाटीने राहत. पाळी सुटली की भजनी मंडळ. टाळ-पखवाज भिंतीला टांगलेले असत. वडाळ्याच्या विठ्ठलमंदिराला आषाढीला जी गर्दी लोटते, तिच्यामागे ही चाळींतली भजने आहेत. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या संपाने सुमारे अडीच लाख कामगारांचे आयुष्य उसवले. गिरण्या गेल्या, चाळींच्या जागी टॉवर आले. अनेक मंडळे मात्र उपनगरांत आणि गावी पुन्हा उभी राहिली, कारण ती गिरणीच्या मालकीची कधीच नव्हती.

हे सगळे निव्वळ भक्तीच्या जोरावर चालते, असे म्हणणे अपुरे आहे. त्यामागे कडेकोट व्यवस्थापन आहे. आळंदीच्या सोहळ्याला आजचे रूप दिले ते एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हैबतबाबा आरफळकरांनी. सातारा जिल्ह्यातल्या आरफळचे हे गृहस्थ ग्वाल्हेरच्या शिंद्यांच्या पदरी सरदार होते. लष्करातली शिस्त त्यांनी पालखीत आणली. दिंड्यांना क्रमांक, रथाच्या पुढे कोण आणि मागे कोण हे ठरलेले, अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व, मुक्कामाची गावे ठरलेली. दिंडीतही तेच. वीणेकरी एक, टाळकरी ओळीने, पखवाजी मधे. पहाटेपासूनच्या भजनाचा क्रम बांधलेला. त्यामुळे परभणीचा शेतकरी आणि डोंबिवलीचा कारकून आयुष्यात कधी भेटलेले नसतानाही एका ओळीत उभे राहून पुढचा अभंग कोणता हे न विचारता उचलतात.

खर्चाचीही सोय आहे. दिंडीत भिशी भरायची, की दोन वेळचे जेवण, राहुटीत जागा आणि सामानासाठी ट्रकमध्ये कोपरा मिळतो. शनिवारी रात्रीची पाळी संपवून आलेला माणूस रविवारी सकाळी पिशवी ट्रकवर टाकून चालू लागतो. पूर्ण वाट न जमणाऱ्याला टप्पे आहेत. कुणी आळंदी ते पुणे चालतो, कुणी पुणे ते सासवड. पुण्यातल्या संगणक-कंपन्यांतली मंडळी ‘आयटी दिंडी’ करून हेच टप्पे चालतात. कुणी तरडगावजवळ चांदोबाचा लिंब इथे पहिल्या उभ्या रिंगणाला गाठतो, कुणी थेट वाखरीला. एका दिवसाच्या वारकऱ्याला कमी लेखणारे लोक असतात. ते चूक करतात.

संध्याकाळच्या समाजआरतीचा प्रसंग जवळून पाहण्यासारखा असतो. तळावर सगळ्या दिंड्या पालखीभोवती गोलाकार उभ्या. हजारो टाळ एकदम वाजत असतात, शेजारच्याचे बोलणे ऐकू येत नाही. चोपदार हातातला दंड उंचावतो आणि क्षणात शांतता पसरते. एखाद्या दिंडीचे टाळ तरीही वाजत राहिले, तर समजायचे की तिची तक्रार आहे. चोपदार तिथे जातात, ऐकून घेतात. पाण्याचा टँकर आला नाही, क्रम मोडून कुणी पुढे घुसले, जागा मिळाली नाही. तक्रारीचा निकाल लागतो, टाळ थांबतात. मग दिवसभरात हरवलेल्या आणि सापडलेल्या वस्तूंची यादी जाहीर होते. पुढच्या दिवसाची निघण्याची वेळ सांगितली जाते. तेव्हा कुठे आरती. लाखांच्या गर्दीत अगदी लहान दिंडीलाही गाऱ्हाणे मांडायची हमखास जागा आहे. कितीतरी कार्यालयांत ती नसते.

पण सगळी गाऱ्हाणी त्या रिंगणात सुटली नाहीत. चोखोबा मंगळवेढ्याचे. मजुरी करीत असताना १३३८ मध्ये कुसू कोसळून त्याखाली गेले. ज्या देवासाठी जगले, त्याच्या देवळात त्यांना पाऊल टाकता आले नाही. ते दार उघडण्यासाठी साने गुरुजींना १९४७ च्या मे महिन्यात पंढरपुरात प्राण पणाला लावून उपोषण करावे लागले, तेव्हा सहाशे वर्षे उलटून गेली होती. इरावती कर्वे वारीत चालल्या. एकाच दिंडीतले ब्राह्मण आणि मराठे चालताना एकत्र, भजनात एकत्र, पण स्वयंपाक आणि पंगत वेगळी, हे त्यांनी स्पष्ट नोंदवले आणि ते त्यांना सलले. वाटेवरची समता घरी आणि गावात किती उतरली, हा प्रश्न माळकऱ्यांनी स्वतःलाच विचारायचा आहे. वारीच्या कौतुकात तो बुजू देता कामा नये. दि. बा. मोकाशी पुण्यात रेडिओदुरुस्तीचे दुकान चालवत. त्यांचे वारीवरचे पुस्तक ‘पालखी’ (१९६४) आजही ताजे वाटते. वारकऱ्यांच्या कष्टांकडे आणि विसंगतींकडे त्यांनी सारख्याच आस्थेने पाहिले.

आणि ज्यांना एक दिवसही सुटका मिळत नाही, त्यांचे काय? रोजंदारीवरचा मजूर, सुरक्षारक्षक, दवाखान्यातली आया. त्यांच्यासाठी संप्रदायाने अरणचे सावता माळी सांभाळून ठेवले आहेत. माढा तालुक्यातल्या आपल्या मळ्यातून ते कधी पंढरीला गेले नाहीत, देवच त्यांच्याकडे आला, अशी श्रद्धा आहे. आषाढीला गावोगावच्या संतांच्या पालख्या पंढरपुरात येतात, सावतोबांची येत नाही. उलट त्यांच्या पुण्यतिथीला पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला जाते. कामावरच्या माणसाला एवढा मान देणारी रीत आपल्याकडे आहे, याचा अभिमान वाटावा.

कोविडच्या वर्षी, २०२० मध्ये, पादुका एसटी बसने पंढरीला गेल्या आणि लाखो माळकरी घरीच राहिले. बाकीचा नेम चुकला नाही. एकादशी झाली, हरिपाठ झाला. त्यांची वारी पायांपुरती नव्हती, हे त्या वर्षी सिद्ध झाले. पण चालण्याची सोय असताना कुणी केवळ रजेअभावी मागे राहावे, हे बरे नाही. कंत्राटी कामगाराला तर अठरा दिवस गैरहजर राहिल्यास परतल्यावर काम शिल्लक असेल याचीही खात्री नसते. त्याला पगारी रजा देणे प्रत्येक मालकाला जमणार नाही. निदान त्याची जागा राखून ठेवणे जमेल. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्याने आषाढी एकादशी २५ जुलैला आहे. पाळ्यांचे तक्ते लावणाऱ्यांनी ही तारीख आत्ताच टिपून ठेवावी.