विश्लेषण : कुंड्यांच्या बोबड्या बोलांमुळे मुलांची भाषा बिघडते का?

माळी दुपारच्या जेवणासाठी घरात गेला, की बागेच्या पार मागच्या कोपऱ्यातल्या दोन मोठ्या कुंड्यांमधून बिल आणि बेन डोके बाहेर काढतात. दोघे एकमेकांशी काहीतरी पुटपुटतात. त्यात ‘फ्लॉबाडॉब’ असा एक शब्द वारंवार ऐकू येतो, पण त्याचा अर्थ कुठल्याही शब्दकोशात सापडत नाही. ‘फ्लॉवर पॉट मेन’ ही ब्रिटिश बालमालिका बीबीसीवर डिसेंबर १९५२ मध्ये सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत तक्रारही आली : असले ऐकून मुले नीट बोलायला शिकणार कशी? आज जेवताना बाळापुढे फोन धरणाऱ्या घरांतही हाच प्रश्न पडतो.

बिल आणि बेन कोण?

त्यांचे सारे अंग कुंड्यांचेच. धडासाठी मोठी कुंडी, डोक्यासाठी वेगळी आणि हातांना बागकामाचे मोजे. मूळ मालिकेत त्या दोऱ्यांवर नाचणाऱ्या कठपुतळ्या होत्या आणि दोऱ्या पडद्यावर चक्क दिसत. दोघांच्या मध्ये उगवलेली ‘लिटल वीड’, म्हणजे बागेतले साधे तण, ही त्यांची मैत्रीण. ‘स्लोकोच’ नावाचे कासव अधूनमधून भेटीला येई. हिल्डा ब्रॅबन यांनी रेडिओसाठी लिहिलेल्या गोष्टींतून ही पात्रे आली. नावे त्यांच्या धाकट्या भावांची. मालिका घडवली ती फ्रेडा लिंगस्ट्रॉम आणि मारिया बर्ड यांनी.

गोष्टीचा साचा ठरलेला होता. माळी आत गेला की दोघे बाहेर येणार आणि काहीतरी उचापत होणार. ती कुणी केली, बिलने की बेनने, हे मुलांना विचारले जाणार. तेवढ्यात माळ्याच्या पावलांचा आवाज आला, की दोघे पुन्हा कुंडीत गडप. मोठ्या माणसाची पाठ वळली की खरा खेळ सुरू होतो, हे तीन वर्षांच्या मुलाला कुणी समजावून सांगावे लागत नाही.

ती भाषा नेमकी काय होती?

तिला ‘ऑडल पॉडल’ म्हणत. ती घडवली आवाजाचे कलाकार पीटर हॉकिन्स यांनी. पुढे १९६३ मध्ये ‘डॉक्टर हू’मधल्या डेलेक या यंत्रशत्रूंना ज्यांनी आवाज दिला, त्यांतले हे एक. त्यांची ऑडल पॉडल म्हणजे नुसता आवाजांचा कालवा नव्हता. इंग्रजी शब्द मोडून-तोडून, मुले बोलतात तशा लयीत ते बोलत. निवेदक नेहमीच्या इंग्रजीत गोष्ट सांगत असल्याने मुलांच्या कानावर दोन्ही पडे. तरीही मुले असेच बोलू लागतील, ही धास्ती काही गेली नाही.

हा कार्यक्रम ज्या मालेत दाखवला जाई, तिचे १९५३ पासूनचे नाव होते ‘वॉच विथ मदर’. टीव्ही घरात आया होऊन बसेल अशी तेव्हा भीती होती. म्हणून ‘आईबरोबर बघा’ असे नावातच सांगून टाकले.

२००१ मध्ये काय बदलले?

मँचेस्टरच्या कॉसग्रोव्ह हॉल या स्टुडिओने ‘बिल अँड बेन’ नव्याने केली. या वेळी कठपुतळ्यांऐवजी स्टॉप-मोशन ॲनिमेशन वापरले. बाहुली किंचित हलवायची, छायाचित्र घ्यायचे, पुन्हा हलवायची. ब्रिटिश टीव्हीवर एका सेकंदात २५ चौकटी दिसतात, त्यावरून या कामाला किती चिकाटी लागते याचा अंदाज यावा. बागही गजबजली. बू हा हेजहॉग, व्हिम्झी ही कोळीण, व्हूप्स गांडूळ, प्राय हा मॅगपाय पक्षी अशी मंडळी आली. बिल आणि बेन मात्र आता बऱ्यापैकी समजेल असे इंग्रजी बोलू लागले. ‘फ्लॉबाडॉब’ चवीपुरते उरले.

त्याआधी १९९७ मध्ये ‘टेलिटबीज’वरही बोबडेपणाचा हाच आरोप झाला होता. त्याचे एक निर्माते अँड्र्यू डेव्हनपोर्ट यांनी भाषण-उच्चार विज्ञानाचे शिक्षण घेतले होते, हे आरोप करणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असावे.

संशोधन काय सांगते?

अमेरिकेत २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहा महिने ते अडीच वर्षे वयाच्या मुलांनी काय पाहिले, याची नोंद ठेवली होती. ‘डोरा’, ‘ब्लूज क्लूज’ यांसारखे, मुलाला प्रश्न विचारून उत्तरासाठी थांबणारे कार्यक्रम पाहणाऱ्यांचा शब्दसंग्रह मोठा आढळला. ‘टेलिटबीज’ पाहणाऱ्यांचा कमी. म्हणजे तक्रारवाले बरोबर होते? इतके सोपे नाही. अभ्यासातली मुले मोजकी होती, आणि दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणून एकीमुळे दुसरी झाली असे होत नाही.

पॅट्रिशिया कुल यांचा २००३ मधला प्रयोग अधिक बोलका आहे. नऊ महिन्यांच्या अमेरिकी बाळांना १२ बैठकांत चिनी मँडरिन ऐकवली. काहींसमोर माणूस प्रत्यक्ष बसून बोलला, तर काहींना तेच ध्वनिचित्रफितीतून दाखवले. मँडरिनचे उच्चार ओळखायला फक्त पहिला गट शिकला. पडद्यावरची भाषा शुद्ध असूनही दुसऱ्या गटाच्या पदरी काही पडले नाही.

आपल्याकडे आजी नातवाला ‘मंमं’ देते, ‘भुर्र’ न्यायचे कबूल करते आणि ‘जोजो’ करायला लावते. शब्दकोशाच्या दृष्टीने तेही ऑडल पॉडलच. पण आजी बोलून थांबते, बाळाच्या हुंकाराची वाट पाहते, तो आला की त्यावर पुन्हा काहीतरी म्हणते. ‘फ्लॉबाडॉब’ म्हणून बिल कधी थांबला नाही, थांबणे त्याला शक्यही नव्हते. त्यामुळे मूल बघताना शेजारी कुणी बसले आहे का, बागेतले ते कासव बोटाने दाखवून ‘हे कोण?’ असे विचारते आहे का, हा प्रश्न कार्टूनच्या भाषेपेक्षा मोठा ठरतो.

मग फोन द्यायचा की नाही?

जागतिक आरोग्य संघटनेची २०१९ ची सूचना अशी : दोन वर्षांच्या आत पडद्यासमोर बसवणे टाळा, दोन ते चार वर्षांत दिवसाला एका तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर उत्तम.

पण हाच पडदा उत्तर देऊ लागला तर? दोन ते अडीच वर्षांच्या मुलांना नवी क्रियापदे शिकवून पाहणारा एक प्रयोग २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी चित्रित केलेल्या व्हिडीओतून मुले ती शिकली नाहीत. थेट व्हिडीओ कॉलवर, समोरचा माणूस मुलाच्या बोलण्याला प्रतिसाद देत असताना, ती शिकली. न्यू जर्सीतल्या नातीला साताऱ्याहून ‘चिऊ कुठाय?’ विचारून तिच्या उत्तरासाठी थांबणाऱ्या आजीचा फोन बंद करण्याचे कारण नाही.