विषारी लाकूड आणि कवकांची हिकमत

पुण्याजवळच्या निघोजे-म्हाळुंगे भागातील कारखान्यांत सुटे भाग ज्या पेट्यांतून आणि पॅलेटवरून उतरतात, त्यांचे लाकूड काम संपताच भंगारवाल्याच्या हवाली होते, आणि पुष्कळदा चुलीत किंवा भट्टीत त्याची अखेर होते. ‘एचटी’ शिक्क्याच्या पॅलेटची चिंता नको, कारण कीड मरावी म्हणून त्याचा गाभा 56 अंश सेल्सिअसवर निदान 30 मिनिटे तापविलेला असतो, इतकेच. परंतु त्याच ढिगात क्रिओसोट हे डांबरी तेल प्यालेले रेल्वेचे जुने स्लीपर किंवा हिरवट छटेचे खांब येऊन पडले, की मामला बदलतो.

ही हिरवट छटा बहुधा तांबे, क्रोमियम व आर्सेनिक यांच्या त्या मिश्रणाची असते, जे देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत सोंती कामेशन यांनी 1933 मध्ये सिद्ध केले आणि ज्याने वाळवी व कवके यांना लाकडापासून इतके दूर ठेवले, की ते देशोदेशी रूढ झाले. 2003 च्या अखेरीपासून अमेरिकेत घरगुती वापराच्या बहुतेक लाकडातून ते हद्दपार झाले, ते आर्सेनिकच्या भयाने. असे लाकूड जाळले तर ते विष धुरात आणि राखेत उतरते. सबब चुलीची वाट बंदच समजावी.

ज्यांना दूर ठेवण्यासाठी हा खटाटोप झाला, त्या कवकांनाच आता या लाकडाची विल्हेवाट लावण्यासाठी पाचारण करावयाचे, ही कल्पना वरकरणी विपरीत वाटते. तथापि लाकडातील लिग्निन फोडण्यासाठी श्वेतकुज कवके जी विकरे स्रवतात, ती भक्ष्याच्या बाबतीत मुळीच चोखंदळ नसतात. फॅनेरोकीट क्रायसोस्पोरियम हे कवक डीडीटीसारखी चिवट संयुगेही फोडते, हे 1985 मध्ये ‘सायन्स’ नियतकालिकात प्रसिद्ध झाले, आणि क्रिओसोटमधील बहुवलयी हायड्रोकार्बनेही अशा कवकांच्या तडाख्यातून सर्वस्वी सुटत नाहीत. आपल्याकडे पेंढ्यावर पिकणारी धिंगरी अळिंबी याच वर्गातील. विषारी लाकडावर उगवलेली मात्र कोणी खाऊ नये.

आर्सेनिकची गोष्ट निराळी. ते मूलद्रव्य असल्यामुळे कोणतेही कवक त्याचे विघटन करू शकत नाही. तांब्याला न जुमानणारी काही तपकिरी-कुज कवके ऑक्झॅलिक आम्ल स्रवून तांब्याचे अविद्राव्य लवण बनवितात व स्वतःचा बचाव करतात, आणि त्याच आम्लात क्रोमियम व आर्सेनिक विरघळून लाकडाबाहेर पडतात. म्हणजे विष नष्ट न होता केवळ मुक्काम बदलते. ते विष वाहून नेणारे पाणी अडवून त्यातील धातू वेगळे काढण्याचा चोख बंदोबस्त नसेल, तर इंद्रायणी नदीच्या इतक्या जवळ हा प्रयोग न केलेलाच बरा.

कवकांची वाण नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यांचा राष्ट्रीय संग्रहच आहे. अडचण आहे ती काळाची, कारण कवकाला ओलावा, ऊब आणि कित्येक आठवडे लागतात, आणि कारखानदाराला आवार आजच रिकामे हवे असते. तूर्त हिरवट आणि डांबरी वासाचे लाकूड निराळे काढून छपराखाली रचणे, एवढे भंगाराच्या वखारीतही करता येईल.