दासगावचे बंदर आणि घरातील पहारा

ता. २५ डिसेंबर १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह बोटीने येऊन दासगावच्या बंदरात उतरले, तेथून महाडास गेले आणि त्याच रात्री तेथे मनुस्मृतीचे दहन झाले. बापाने, नवऱ्याने व मुलाने आळीपाळीने स्त्रीची राखण करावी, असे सांगणारा तो ग्रंथ जळाला. राखण मात्र जळाली नाही.

नवरा बायकोवर हुकमत गाजवितो तो स्वभावदोषामुळे, असे समजण्याची आपणांस सवय आहे. सावित्रीकाठच्या गावांची रीत पाहिली म्हणजे हे समाधान टिकत नाही. येथील पुरुष पिढ्यान्‌पिढ्या मुंबईस चाकरी करीत आले. भाताची लावणी, गुरे, सासूसासऱ्यांचे दुखणे, सारे घरच्या सुनेच्या शिरावर. तरी मनिऑर्डर पुष्कळदा सासऱ्याच्याच नावे येई. नवरा शंभर मैलांवर असूनही ती माहेरी किती दिवस राहिली, बाजारास कोणाबरोबर गेली, हे त्यास कळे. कारण पाळत तो ठेवीत नसे, आळी ठेवीत असे. आता त्या पाळतीच्या हाती मोबाईल आला आहे. ‘कोठे आहेस ते दाखव’ असे दिवसातून चारदा विचारणे यास हल्ली काळजी म्हणतात!

या पहाऱ्यात नवराही मोकळा नाही. जो बायकोस विचारून वागतो, तिच्या हाती पैसा देतो, त्यास ‘बाईलबुद्ध्या’ म्हणण्यास चार तोंडे तयारच असतात. स्वभावाने सौम्य व निर्व्यसनी असे पुरुषही या एका शब्दाच्या धाकाने घरात जमादार होतात, असे आम्हांस वाटते. त्यांच्या जुलमास ही सबब नव्हे. पण उपाय शोधावयाचा तर मूळ कोठे आहे हे पाहिलेच पाहिजे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायद्याने पैसा अडकवून ठेवणे हाही छळ ठरविला, हे योग्यच झाले. परंतु कोर्टापुढे नवऱ्यास उभे करता येते, नातलगांस करता येते. आळीस कोण समन्स बजावणार?

रूढी शतकांची आहे, ती हळूहळूच जाईल, असे कोणी म्हणतील. त्यांनी महाडचीच हकीकत आठवावी. त्याच परिषदेच्या वेळी बाबासाहेबांनी स्त्रियांस जातीची खूण पटविणारी लुगड्याची तऱ्हा व दागिने टाकण्यास सांगितले, आणि कित्येकींनी तेथल्या तेथे नेसण्याची पद्धत बदलली. अलीकडे, २०२२ साली, कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने विधवेचे कुंकू पुसण्याची, बांगड्या फोडण्याची चाल बंद करण्याचा ठराव केला व सरकारने तो कित्ता इतर गावांपुढे ठेवला. एकट्या घराने चाल मोडली तर ते घर वाळीत पडते. गावाने मोडली तर वाळीत टाकावयास कोणी उरत नाही.

कोकणातील पुष्कळ गावांची मंडळे मुंबईस भरतात आणि देऊळ, पालखी, वर्गणी यांचे निर्णय तेथील पुरुष करतात. या विषयाचा आरंभ मात्र त्यांनी करू नये. ग्रामसभेपूर्वी महिलासभा भरविण्याचा कायदा आहे. सुनेच्या माहेरपणाची, बाजाराची आणि पैशाची विचारपूस गावाने करावी की नाही, हा प्रश्न प्रथम त्या सभेत निघावा, आणि तिचा ठराव मुंबईच्या मंडळाने आपल्या बैठकीत मोठ्याने वाचावा.