आडवा धूर, मैलभर आवाज

१८१९-२०चा हिवाळा. आर्क्टिकमधल्या मेलव्हिल बेटाशी विल्यम पॅरी यांची दोन जहाजं गोठलेल्या समुद्रात मुक्कामाला होती. पॅरी यांनी रोजनिशीत दोन नवलं टिपली आहेत. मैलभर लांब उभी असलेली माणसं साध्या आवाजात बोलत असली, तरी त्यांचं बोलणं स्पष्ट ऐकू येई. आणि धूर वर चढतच नसे; आडवा सरकत राही.

दोन्हींचं मूळ एकच: तळाशी ठाण मांडून बसलेली थंड हवा.

घाट चढला की गारवा वाढतो, हा आपला अनुभव. ध्रुवीय रात्रीत नेमकं उलटं होतं. सूर्य नाही, ऊब येणार कुठून? बर्फ मात्र आपली उष्णता अवरक्त किरणांवाटे निरभ्र आकाशाकडे सोडतच राहतो. तो गारठतो, त्याला टेकलेली हवा गारठते, जड होते. या हवेला जरा वर ढकललं, तर वरच्या उबदार हवेत ती जडच ठरते आणि परत खाली बसते. थर एकमेकांत मिसळतच नाहीत, म्हणून धूरही वर न चढता आडवा सरकतो. भूगोलाच्या पुस्तकातली ‘तापमानाची विपरीतता’ ती हीच.

तिचं टोक पाहायचं, तर अंटार्क्टिकात जावं. सुमारे ३,२०० मीटर उंचीच्या पठारावर फ्रान्स आणि इटलीचं कॉन्कॉर्डिया केंद्र आहे. तिथल्या ४५ मीटरच्या मनोऱ्यावर टप्प्याटप्प्यानं तापमापक बसवलेले आहेत. वारा पडलेला असला, की बर्फाचा पृष्ठभाग आणि त्याच्या वर फक्त १० मीटरवरची हवा यांच्यात २५ अंशांपर्यंत फरक पडतो. जेमतेम तीन मजल्यांची उंची, आणि एवढी ऊब! वारा जोरात सुटला, तरच हे थर ढवळले जातात.

आणि आवाज? उबदार हवेत तो जास्त वेगानं धावतो. त्यामुळे वर निघालेली ध्वनिलहर हळूहळू वाकून पुन्हा खाली येते. जे बोलणं आभाळात विरायचं, ते बर्फालगत लांबवर जातं.

थंडीतल्या पहाटे गावावर चुलींचा धूर आडवा पसरलेला दिसला, की मला मेलव्हिल बेट आठवतं. रचना तीच. फक्त कॉन्कॉर्डियाला सूर्य तीन महिने उगवत नाही. आपल्याकडे घटकाभरात ऊन येतं, जमीन तापते आणि धूर वर निघतो.