निवृत्तीनंतर मेंदूला हवं काम

अमेरिकेतल्या बाल्टिमोर शहरात साठी ओलांडलेल्या स्वयंसेवकांना आठवड्याला सुमारे 15 तास प्राथमिक शाळेत मुलांना वाचायला मदत करण्याचं काम देण्यात आलं. मूल वाचताना अडखळलं की लगेच शब्द सांगायचा नाही. थांबायचं, पहिलं अक्षर दाखवायचं, पुन्हा वाचून घ्यायचं. एवढ्या कामात स्मरणशक्ती, संयम, नियोजन सगळ्यांचाच कस लागतो. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या संशोधकांनी अशा काही ज्येष्ठ महिलांच्या मेंदूचा अभ्यास 2009 मध्ये प्रसिद्ध केला. गट लहान होता, पण नियोजन सांभाळणारा कपाळामागचा भाग अधिक सक्रिय झालेला दिसला. शिवाय, पुढच्या पिढीसाठी झटणं ही माणसाची गरजच आहे, असं मानसशास्त्रज्ञ एरिक एरिक्सन मानत. म्हणून निवृत्त आईवडिलांना ‘आता फक्त आराम करा’ म्हणू नका. जवळच्या शाळेत त्यांची गरज आहे का, विचारा.