विश्लेषण : नाताळाआधीचे चार रविवार कशासाठी? ‘आगमनकाळ’ म्हणजे नेमके काय?

डिजिटल डेस्क, सेनगाव : नोव्हेंबर संपत आला की सेनगाव तालुक्यातली सोयाबीन बहुतेक मोंढ्यात गेलेली असते, तूर शेतात उभी असते आणि रब्बीची पेरणी आटोपत आलेली असते. मराठवाड्यातल्या कितीतरी वाड्या-तांड्यांवरची माणसे तोवर ऊसतोडीला निघून गेलेली असतात. याच दिवसांत ख्रिस्ती समाजाचे नवे धार्मिक वर्ष सुरू होते. मोबाइलवर तेव्हा नाताळच्या ‘ऑफर’ येऊ लागतात, दुकानांत चांदण्या लटकतात. परंपरेने मात्र हे दिवस सणाचे नाहीत, सणाआधीच्या तयारीचे आहेत. या काळाला मराठीत ‘आगमनकाळ’ म्हणतात. तयारी म्हणजे ‘ख्रिस्तासारखे जगणे’ असे चर्चमध्ये सांगितले जाते. त्याचा रोजच्या व्यवहारातला अर्थ काय आणि महाराष्ट्रात तसे जगण्याचा प्रयत्न कोणी केला, हे समजून घेऊ.

आगमनकाळ म्हणजे काय?

‘अ‍ॅडव्हेंट’ हा शब्द लॅटिन ‘अ‍ॅडव्हेंटस’वरून आला. त्याचा अर्थ आगमन. नाताळाआधीच्या चार रविवारांचा हा काळ आहे. येशूचा जन्म बेथलेहेमात होऊन गेला, त्यामुळे वाट नक्की कोणाची पाहायची, असा प्रश्न पडू शकतो. बाराव्या शतकातील संत बर्नार्ड यांनी तीन आगमने सांगितली होती. पहिले इतिहासात झालेले, शेवटचे काळाच्या अंती होणारे आणि या दोन्हींच्या मधले, माणसाच्या मनात आत्ता होणारे. यातले मधले आगमन प्रत्येकाच्या तयारीवर अवलंबून असते.

म्हणूनच कॅथलिक चर्चमध्ये या काळात धर्मगुरूंचा पोशाख जांभळा असतो. आत्मपरीक्षण आणि पश्चात्तापाचा हा रंग. एरवी रविवारी गायले जाणारे गौरवगीत या दिवसांत गायले जात नाही. तिसऱ्या रविवारी रंग गुलाबी होतो, कारण सण जवळ आल्याचा आनंद त्या दिवशी व्यक्त केला जातो. १७ डिसेंबरपासून प्रार्थनांचा रोख थेट येशूजन्माकडे वळतो.

तारीख दरवर्षी का बदलते?

नाताळ २५ डिसेंबरला ठरलेला, पण आगमनकाळ रविवारपासून मोजला जातो. ३० नोव्हेंबरच्या सर्वांत जवळचा रविवार हा पहिला. त्यामुळे तो २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर या सात दिवसांतच येतो. नाताळ रविवारी आला तर तयारीला पूर्ण २८ दिवस मिळतात. २०२२ मध्ये तसे झाले. नाताळ सोमवारी आला तर चौथा रविवार २४ डिसेंबरलाच पडतो आणि २२ दिवसच हाती राहतात. २०२३ मध्ये तसे घडले. २०२६ मध्ये पहिला रविवार २९ नोव्हेंबरला आहे.

सुरुवातीला हा काळ चार आठवड्यांचा नव्हता. सहाव्या शतकात गॉलमध्ये, म्हणजे आजच्या फ्रान्सच्या भागात, ११ नोव्हेंबरच्या संत मार्टिनच्या सणापासून नाताळपर्यंत आठवड्यातून तीन दिवस उपवास करण्याचा नियम होता. पुढे रोमच्या प्रथेनुसार चार रविवार रूढ झाले. पौर्वात्य ऑर्थोडॉक्स परंपरेत आजही नाताळाआधी चाळीस दिवसांचा उपवास आहे.

चार मेणबत्त्यांचे चक्र कुठून आले?

हिरव्या पानांच्या गोल चक्रात चार मेणबत्त्या लावून दर रविवारी एक पेटवण्याची पद्धत आता अनेक चर्चमध्ये आणि घरांत दिसते. आशा, शांती, आनंद आणि प्रेम असे त्यांचे अर्थ सांगितले जातात. त्यांचा क्रम ठिकाणानुसार बदलतो.

ही पद्धत मात्र जुन्या मठातून आलेली नाही. १८३९ मध्ये जर्मनीतील हॅम्बुर्गमध्ये योहान हिनरिख विखर्न हे पाद्री गरीब, निराधार मुलांसाठी आश्रम चालवत होते. नाताळ कधी, असे मुले रोज विचारत. त्यांनी गाडीचे जुने चाक घेतले आणि त्यावर रविवारसाठी मोठ्या पांढऱ्या आणि इतर दिवसांसाठी लहान लाल मेणबत्त्या लावल्या. रोज एक पेटे आणि मुलांना उरलेले दिवस मोजता येत. आज शोभेची झालेली ही वस्तू अनाथ मुलांच्या आश्रमातली आहे.

‘ख्रिस्तासारखे जगा’ म्हणजे नेमके काय करायचे?

उत्तर आगमनकाळातल्या वाचनांतच आहे. कॅथलिक वाचनक्रमात दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी बाप्तिस्मा करणारा योहान भेटतो. लूकच्या शुभवर्तमानातील तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, की आम्ही करायचे काय? योहान त्यांना उपवास, यात्रा किंवा नवस सांगत नाही. ज्याच्याकडे दोन अंगरखे आहेत त्याने ज्याच्याकडे एकही नाही त्याला एक द्यावा, अन्नाचेही तसेच करावे, असे तो सांगतो. जकातदारांना तो ठरलेल्यापेक्षा जास्त वसूल करू नका म्हणतो. शिपायांना दमदाटी करून पैसे उकळू नका, खोटा आळ घेऊ नका आणि आपल्या पगारात समाधान माना, असे बजावतो.

इथे कोणालाही धंदा किंवा नोकरी सोडायला सांगितलेली नाही. जकातदाराने जकात नाक्यावरच राहायचे आहे, फक्त हिशेब खरा ठेवायचा आहे. हीच यादी आजच्या तालुक्याच्या गावात लावली तर ती वजनकाट्याला, व्याजाच्या दराला, कार्यालयातल्या टेबलाला आणि मजुराच्या उचलीच्या हिशेबाला लागू होते. मत्तयच्या शुभवर्तमानातील पंचविसाव्या अध्यायात येशू शेवटच्या न्यायाची कसोटी सांगतो, तीही याच जातीची आहे. भुकेल्याला जेवण, तहानलेल्याला पाणी, परक्याला आसरा, उघड्याला वस्त्र, आजाऱ्याची शुश्रूषा आणि तुरुंगातल्याची भेट.

मराठी मुलखात याचे उदाहरण कोणते?

पहिले नाव पंडिता रमाबाईंचे. संस्कृत शास्त्रांत पारंगत असलेल्या रमाबाईंनी १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतला. त्यांच्या आत्मकथनानुसार, समाजाने टाकलेल्या स्त्रियांना सांभाळणारे ख्रिस्ती भगिनींचे लंडनमधील काम त्यांनी पाहिले आणि येशू शोमरोनी स्त्रीशी कसा बोलला हे वाचले, तेव्हा त्यांच्यात बदल झाला. म्हणजे धर्मतत्त्वाआधी त्यांच्या नजरेला आचरण पडले.

भारतात परतल्यावर १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत ‘शारदा सदन’ सुरू केले. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीत सापडलेल्या शेकडो मुली आणि विधवांना पुणे जिल्ह्यातील केडगावला घेऊन आल्या. तिथेच ‘मुक्ती मिशन’ उभे राहिले. १९०० च्या सुमारास तिथल्या मुली-स्त्रियांची संख्या हजाराच्या वर गेली होती. त्या शेती, विणकाम आणि छपाई शिकल्या. रमाबाईंनी आयुष्याच्या शेवटापर्यंत हिब्रू आणि ग्रीकमधून बायबलचा मराठी अनुवाद केला. तो छापण्याचे काम आश्रमातल्या स्त्रियांनीच केले. रमाबाई ५ एप्रिल १९२२ रोजी गेल्या.

टिळक दाम्पत्याची गोष्ट वेगळी का?

दुसरे उदाहरण कवी रेव्हरंड नारायण वामन टिळक आणि लक्ष्मीबाई टिळक यांचे. ते अधिक अवघड आहे, म्हणूनच उपयोगाचे आहे.

टिळकांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. पत्नीला त्याची आगाऊ कल्पना नव्हती. पुढची काही वर्षे लक्ष्मीबाई त्यांच्यापासून दूर, नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या. पुढे दोघे पुन्हा एकत्र आले. लक्ष्मीबाईंनी आधी जातिभेद मनातून काढून टाकला, त्यानंतर १९०० मध्ये स्वतःच्या विचाराने बाप्तिस्मा घेतला. दुष्काळात निराधार झालेल्या मुलांना या घराने आसरा दिला.

‘स्मृतिचित्रे’ या आत्मचरित्रात लक्ष्मीबाईंनी हे सगळे काही न लपवता, हसत-हसत लिहिले आहे. टिळकांचा दानशूरपणा त्यात आहे आणि त्या दानशूरपणामुळे घरात होणारी चणचणही आहे. त्यांची भक्ती आहे, तसा त्यांचा तापट स्वभावही आहे. जगाला प्रेम वाटणाऱ्या माणसाच्या घरात काय चालते, हे त्याच्या घरचेच सांगू शकतात. ख्रिस्तासारखे जगण्याची पहिली परीक्षा चर्चच्या बाकावर होत नाही, चुलीजवळ होते, हे या पुस्तकातून कळते.

टिळकांनीही स्वतःला तपासणे थांबवले नाही. १९१७ मध्ये त्यांनी मिशनच्या पगाराची नोकरी सोडली आणि ‘देवाचा दरबार’ ही मंडळी सुरू केली. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताला मानणारे दोघेही तिथे येऊ शकत होते. ९ मे १९१९ रोजी त्यांचे निधन झाले. त्यांनी हाती घेतलेले ‘ख्रिस्तायन’ हे काव्य अपुरे राहिले होते. औपचारिक शालेय शिक्षण न झालेल्या लक्ष्मीबाईंनी ते पुढे नेऊन पूर्ण केले.

मराठवाड्याशी संबंध काय?

हिंगोलीत १९०३ पर्यंत हैदराबाद कंटिंजंटची छावणी होती. जालन्यातही अशीच छावणी होती. पण मराठवाड्यातले ख्रिस्ती काम केवळ छावणीपुरते राहिले नाही. १८४३ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री पुढे जालन्यात आले. निजाम संस्थानचे दिवाण सालारजंग यांनी दिलेल्या जमिनीवर त्यांनी जालन्याजवळ ‘बेथेल’ नावाचे गाव वसवले. आज कॅथलिकांचा १९७७ मध्ये स्थापन झालेला औरंगाबाद धर्मप्रांत आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा मराठवाडा धर्मप्रांत या भागात काम करतात. सहा चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया स्थापन झाले ते नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. तो दिवस आगमनकाळाचा पहिला रविवार होता.

२०११ च्या जनगणनेनुसार राज्यात ख्रिस्ती लोकसंख्या सुमारे १०.८ लाख, म्हणजे एक टक्क्याहून थोडी कमी आहे. तीही मुख्यतः मुंबई, वसई, पुणे अशा पट्ट्यांत एकवटलेली. त्यामुळे मराठवाड्याच्या गावांत अनेकांना ख्रिस्ती धर्माची ओळख पुस्तकातून होत नाही. शेजारच्या घरातला माणूस बोलतो कसा, देणे फेडतो कसे, आजारपणात धावून येतो की नाही, यावरून ती होते.

वारकऱ्यांच्या मुलखाला हे नवे आहे का?

फारसे नाही. संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाणारे नर्सी नामदेव हिंगोली जिल्ह्यातच आहे. कार्तिकी वारीनंतर मार्गशीर्ष लागतो आणि घराघरांत गुरुवारची व्रते सुरू होतात. आगमनकाळही साधारण त्याच दिवसांत येतो. दोन्हींचा अर्थ एक नाही, पण ठरावीक दिवस मन आणि जीभ आवरून राहायचे, ही कल्पना इथल्या माणसाला समजावून सांगावी लागत नाही. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्तापर्यंत पोहोचलो, असे टिळक सांगत. ख्रिस्ती कीर्तन-भजनाला त्यांनी मराठी रूप दिले ते त्यातूनच.

अलीकडचे उदाहरण फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे. ‘सुबोध बायबल’साठी त्यांना साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. वसईतील हिरवळ आणि पाणी वाचवण्याच्या लढ्यात ते पुढे होते. जानेवारी २०२० मध्ये मराठवाड्यातच, उस्मानाबाद म्हणजे आजच्या धाराशिवला झालेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

सगळे ख्रिस्ती आगमनकाळ पाळतात का?

नाही. कॅथलिक, चर्च ऑफ नॉर्थ इंडिया, लुथरन अशा चर्चमध्ये तो पाळला जातो. अनेक स्वतंत्र आणि पेंटेकॉस्टल मंडळ्या धार्मिक दिनदर्शिका मानत नाहीत. वर्षभर तयारीत राहावे, असे त्यांचे म्हणणे असते. आचरणाबद्दलचा आग्रह मात्र दोन्हीकडे सारखाच आहे.

चार आठवड्यांत काय करता येते?

चर्चमधून सुचवल्या जाणाऱ्या गोष्टी साध्या असतात. रोज थोडा वेळ शांत बसून दिवसाचा हिशेब घेणे, ज्याच्याशी बोलणे बंद आहे त्याच्याकडे स्वतःहून जाणे, कोणाचे अडकवलेले पैसे परत करणे, उपवासाचे वाचलेले अन्न किंवा पैसे गरजूला देणे. कॅथलिकांमध्ये नाताळाआधी पापनिवेदनाचा संस्कार घेण्याची पद्धत आहे. पण ज्याचे नुकसान केले त्याची भरपाई टाळून नुसते निवेदन पुरत नाही, हेही त्यात सांगितले जाते.

यातल्या एकाही गोष्टीला खर्च नाही. अवघड भाग वेगळाच आहे. बांधावरून भावाशी सुरू असलेला वाद मिटवायला चांदणी टांगण्यापेक्षा कितीतरी जास्त बळ लागते. चार रविवार त्यासाठीच दिलेले आहेत. त्यातला एक जरी अशा कामी आला, तरी २५ डिसेंबरला नवे कपडे घालून घराबाहेर पडणाऱ्याला त्या बांधावरून मान खाली न घालता जाता येईल.